एकविसावी वाटी

शरयूचे यजमान, दौलतराव, फोनवर कधी नाव सांगत नाहीत. "हां, ताई," एवढंच म्हणतात आणि त्यांच्या मागे निफाडच्या मळ्यातला फवारणीचा पंप धडधडत असतो, त्यावरून आपण ओळखायचं. त्या सकाळी पंप वाजत नव्हता. द्राक्षांची काढणी ऐन भरात होती, माणसांचा गलका असायला हवा होता, तोही नव्हता. "ताई, तुमची मैत्रीण गेली हो," ते म्हणाले. मग नुसते फोन कानाला लावून दोन टोकांना दोघं उभे. माझ्या हातात निवडायला घेतलेली मेथी होती. शरयू जाणार हे आम्हाला दिवाळीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असण्याचा त्या क्षणी काडीचाही उपयोग झाला नाही. फोन ठेवल्यावर मी ती सगळी मेथी निवडली, धुतली, बारीक चिरली आणि भाजी करायचं विसरून गेले.

शरयूनं आणि मी नाशिकच्या एकाच महाविद्यालयात उभा जन्म काढला. ती जीवरसायन शिकवायची, मी मराठी. प्राध्यापकांच्या खोलीत आम्हा दोघींत मिळून एक कपाट होतं, आणि त्या कपाटावरून झालेल्या भांडणातून आमची मैत्री जमली. तिच्या काचेच्या नळ्या माझ्या उत्तरपत्रिकांवर लवंडायच्या. मी चिडले की ती म्हणायची, "कुंदे, तुझ्या भाषेला बावन्न अक्षरं लागतात, आणि तरी तुझे लेखक रडतच असतात. माझ्याकडे वीसच आहेत. विसांत मोर होतो बघ." वीस म्हणजे अमिनो आम्लं. प्रथिन म्हणजे त्यांची माळ, आणि जीव म्हणजे अशा हजारो माळांचा पसारा, हे तिनं मला इतक्या वेळा समजावलं की आता मीही ते झोपेत सांगू शकेन. कुठल्या माळेत कुठला मणी कुठे ओवायचा, हे डीएनएमध्ये लिहिलेलं असतं. पण मणी निवडताना एखाद्या जिवाची काही आवड असते का? पाखरांची असते का? निवृत्तीनंतरची सगळी वर्षं तिनं या एका प्रश्नाला दिली.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली होती, खिडकीला लागून करंजाचं झाड. तिथे तिचा लॅपटॉप होता. जगभरच्या लोकांनी निरनिराळ्या पाखरांच्या पेशी वाचून ते सगळं लिखाण उघड्यावर ठेवलंय, कुणीही उतरवून घ्यावं, असं ती सांगायची. कोंबडीचं, बदकाचं, चिमणीचं, शहामृगाचं... ती ते उतरवून घ्यायची आणि कुठलं अमिनो आम्ल कुणात किती हे यंत्राकडून मोजून घ्यायची. पण यंत्रानं मोजलेलं तिला खरं वाटायचं नाही. म्हणून तिनं स्वयंपाकघरातले तीन मिसळणाचे डबे वर नेले, भद्रकालीच्या बाजारातून रंगीत मणी आणले आणि प्रत्येक वाटीत एकेका अमिनो आम्लाचा रंग भरला. ग्लायसिन पांढरा, सगळ्यात बारीक. ट्रिप्टोफॅन काळा, टपोरा. यंत्रानं सांगितलेली माळ ती हातानं ओवायची आणि खिडकीच्या गजाला बांधायची. दुपारच्या उन्हात त्या खोलीत बसलं की समोर कोंबडी लटकतेय, बदक लटकतंय, आणि भिंतीवर त्यांच्या रंगांचे ठिपके हलताहेत... मला तिथे हमखास डुलकी लागायची. शरयू म्हणायची, माझ्या संशोधनाचा इतका आदर दुसऱ्या कुणी केलेला नाही.

तीन डबे, प्रत्येकात सात वाट्या. वीस भरलेल्या आणि एक रिकामी. मी एकदा तिच्यात माझी बडीशेप ठेवायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"ती उडण्याची आहे."

"म्हणजे?"

"मणी कमी-जास्त का, याची बाकी सगळी कारणं वजा करायची. वजा जाऊन जे उरेल ते उडण्यासाठी. ते या वाटीत पडणार."

दौलतरावांना हे सगळं म्हणजे घरात शत्रूला आसरा दिल्यासारखं वाटायचं. माणूस निफाडचा, द्राक्षबागायतदार. द्राक्षाच्या मण्यात साखर भरायला लागली की मैना, बुलबुल, साळुंक्या सगळ्या बागेवर उतरतात. ते जाळी टाकत, चमकत्या रिबिनी बांधत, पत्र्याचे डबे बडवत आणि शेवटी गोफण काढत. शनिवारी नाशिकला आले की जिन्यातूनच सुरू व्हायचे. "ताई, सांगा तुमच्या मैत्रिणीला. हिकडं ही पाखरांच्या माळा ओवती, तिकडं पाखरं माझे घड फोडत्यात. लय झालं आता!" शरयू वरून ओरडायची, "अहो, पण कुठली पाखरं होती ते नीट बघितलंत का?" ते कपाळाला हात लावून खाली बसायचे. पण भद्रकालीतून मणी तेच आणायचे, आणि एखादा रंग संपलेला दिसला की न सांगता आणायचे, हेही मी बघितलेलं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते मला फार उशिरा कळलं. एका थंडीत आम्ही दोघी पाखरं बघायला नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. निफाडची थंडी, पाण्यावर धुकं, समोरचं काही दिसेना. नुसते आवाज... पाणकोंबड्यांचे, हळदी-कुंकू बदकांचे, आणि फार उंचावरून जाणाऱ्या कुणाचे तरी. धुक्यात तोंड दिसत नसलं की माणूस बोलतो. शरयू मनमाडची. तिचे वडील रेल्वेत, पार्सल ऑफिसात. ती लहान असताना एकदा ऑफिसातल्या पंख्याचा फटका बसून एक चिमणी खाली पडली. वडिलांनी ती उचलली आणि पार्सलच्या मोठ्या वजनकाट्यावर ठेवली. पोती, पेट्या, सायकली तोलणारा काटा तो. जागचा हलला नाही. वडील म्हणाले, "बघ शरू, पाखराला वजनच नसतं. ते हाडापासून रक्तापर्यंत हलकं असतं." तेवढ्यात चिमणी शुद्धीवर आली आणि उडून मोठ्या घड्याळाच्या मागे जाऊन बसली. पुढे शरयू शाळेत असतानाच वडील गेले. त्यांचं एवढं एकच वाक्य तिला आवाजासकट आठवत होतं.

"हाडं पोकळ असतात, हे सगळ्यांना माहीत आहे," ती धुक्यातून म्हणाली. "पण रक्तापर्यंत... ते मला दाखवायचंय. माळेतला मणीसुद्धा ते हलका निवडतात, घडवायला स्वस्त पडेल असा निवडतात, कारण त्यांना उडायचं असतं. असंच असणार, कुंदे. कुणाला सांगू नकोस हं, हसतील मला."

मी हसले नाही. मला तेव्हा थंडीनं बोलताही येत नव्हतं.

त्यानंतर तिच्या खोलीतल्या माळांकडे मी जरा जागेपणी बघायला लागले. कारणं एकेक करून वजा होत होती आणि ती मला प्रत्येकाचा हिशोब द्यायची. पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण डीएनएच्या अक्षरांचं. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला. त्यातली दोन अक्षरं काही भागांत दाटीनं येतात. पाखरांच्या पेशीत मोठ्या गुणसूत्रांबरोबर बारकी बारकी पुष्कळ गुणसूत्रं असतात आणि त्या बारक्यांत ही दाटी फार. जिथे ती अक्षरं दाट, तिथे ग्लायसिन, अलानिन, प्रोलिन, आर्जिनिन हे मणी आपोआप जास्त पडतात. त्यात पाखराची आवडनिवड काही नाही. घरात तांदूळच जास्त असला की भातच जास्त होतो, तशातली गत. दुसरं कारण वापराचं. जे प्रथिन शरीराला रोज ढिगानं लागतं, त्यात घडवायला महाग पडणारे मणी पेशी घालत नाही. तिसरं जागेचं. पेशीच्या पडद्यात राहायचं तर मणी तेलकट स्वभावाचे हवेत. हे सगळं वजा करूनही काहीतरी उरत होतं. भरारी मारणाऱ्या पाखरांच्या माळा एका बाजूला, चालणाऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींत फरक होता. थोडासा, पण होता. शरयूच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक वेगळंच तेज आलं होतं. तिनं महाविद्यालयात बोलता बोलता हे सांगितलं, तिथून ते शहरभर झालं, आणि पाखरं आतून हलकी असल्याचं सिद्ध करणाऱ्या बाई म्हणून तिला लोक ओळखू लागले. विज्ञान मंडळाच्या मुलांनी तिचं व्याख्यान ठरवून टाकलं.

व्याख्यानाच्या आधी तिनं मला माळा बघायला बोलावलं. मी तेव्हा पुतण्याच्या लग्नाच्या खटपटीत होते. डोक्यात सगळी गोत्रं, कुळं आणि सोयरीकी. तिनं जमिनीवर चादर अंथरली आणि उजवीकडे उडणाऱ्यांच्या माळा मांडल्या: चिमणी, मुनिया, सुगरण, बुलबुल, मैना. डावीकडे चालणाऱ्यांच्या: कोंबडी, मोर, तितर, लाव्हा. मी चष्मा लावून बघितलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "अगं, ही उजवीकडची सगळी एकमेकांची भाऊबंद दिसतात. आणि ही डावीकडची एकाच भावकीतली."

"मग?"

"मग काय? आमच्या माहेरी सगळे वकील आणि सगळे सुपारी खातात. म्हणून सुपारीनं माणूस वकील होतो, असं कुणी म्हणेल का? आजोबा वकील होते आणि आजोबा सुपारी खायचे, एवढंच. पुढच्यांना दोन्ही वारशानं आलं."

मी नुसती चेष्टा केली होती. शरयू रसायनाची बाई. रेणूंची नाती तिला तोंडपाठ, पाखरांच्या नात्यागोत्याकडे तिनं कधी लक्षच दिलेलं नव्हतं. ती चादरीकडे बघत राहिली. करंजावर काहीतरी सळसळलं, उन्हाचा कवडसा माळांवरून सरकत गेला... मग तिनं पहिली माळ उचलली, गाठ सोडली आणि मणी ज्याच्या त्याच्या वाटीत टाकायला सुरुवात केली. स्टीलच्या वाटीत मणी पडण्याचा तो टिणटिण आवाज मला अजून ऐकू येतो. तिनं मला चहासुद्धा विचारला नाही. मला पश्चात्ताप वगैरे अजिबात झालेला नाही, पण त्या दिवशी गंगापूर रोडवर रिक्षाची वाट बघताना मला उगाचच रडू येत होतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "कुंदे, तुझ्या सुपारीनं माझं घर बुडवलं," म्हणाली आणि खदाखदा हसली. त्या हसण्यानंतर तिला खोकला आला आणि तो थांबेचना. तो खोकला साधा नव्हता, हे पुढे कळलं. डॉक्टरांनी छातीतलं दुखणं सांगितलं, उपचार सुरू झाले, आणि उपचारांच्या मधल्या दिवसांत शरयू पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली. आता ती नव्या माळा ओवून जोड्या लावत होती. एकाच कुळातलं एक उडणारं आणि एक उडणं सोडून दिलेलं. उडणारी पाणकोंबडी आणि कुठल्या तरी दूरच्या बेटावरची, पंख असून न उडणारी तिची चुलतबहीण. "तुझ्यासारखंच करतेय," ती म्हणायची, "फक्त तू सगोत्र टाळतेस, मी शोधतेय." ती वाळत चालली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. एकदा मी तिला हाताला धरून जिना चढवत होते तर म्हणाली, "बघ, मीच आतून हलकी होतेय. तेवढं तरी सिद्ध झालं." मी तिला तिथल्या तिथे रागावले. असले विनोद मला आवडत नाहीत.

जोड्या लावून झाल्या. अक्षरं वजा, वापर वजा, जागा वजा, आणि आता नातंही वजा. उडण्यासाठी म्हणून हातात धरता येईल असं काही उरलं नाही.

व्याख्यान पुढे ढकलता आलं असतं. आजाराचं निमित्त होतंच, आणि कुणीही एका शब्दानं विचारलं नसतं. मी तसं सुचवलंही. वडिलांचं ते एक वाक्य तिनं इतकी वर्षं सांभाळलं होतं. ते चारचौघांत खोटं ठरवायला तिनं कशाला जावं, असं मला वाटत होतं. शरयू म्हणाली, "लोकांनी माझं नाव त्या गोष्टीला चिकटवलंय. ते मीच काढायला हवं, नाही तर ते माझ्या मागे राहील." दौलतराव मळा सोडून आले आणि शेवटच्या रांगेत बसले, टोपी मांडीवर ठेवून. ती खुर्चीत बसून बोलली. आवाज लहान झाला होता. तिनं सगळी कारणं समजावली, माझ्या माहेरच्या सुपारीसकट, आणि मग म्हणाली, "पाखरं उडण्यासाठी हलकी अमिनो आम्लं निवडतात, असं मी म्हणत आले. मी चुकले. मला तसं दिसलं नाही." पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिचा चेहरा पडला होता. "मॅडम, मग पक्षी आतून हलके नसतात?"

शरयूनं तिला मनमाडच्या चिमणीची गोष्ट सांगितली. मला धुक्यात सांगितलेली, कुणाला सांगू नकोस म्हणालेली. पंखा, पार्सलचा काटा, वडिलांचं वाक्य, सगळं. "माझे वडील खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली. "पण तो काटा पोत्यांचा होता. त्यावर चिमणी ठेवली तरी हलणार नाही, आणि पीस ठेवलं तरी हलणार नाही. त्यातून चिमणीबद्दल काही कळत नाही, काट्याबद्दल कळतं. माझाही काटा अजून पार्सलचाच आहे गं. तू बारीक काटा आण आणि पुन्हा ठेवून बघ." मुलगी खाली बसली. मी मागे वळून बघितलं तर दौलतराव टोपीनं तोंड पुसत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली होती. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "मला कधी सांगितलं नाय तू." ती म्हणाली, "तुम्ही गोफण घेऊन फिरत होता ना." मग दोघंही घर येईपर्यंत हसत होते.

आमची शेवटची भेट संक्रांतीनंतरची. तिला खालच्या खोलीत आणलं होतं. वरचे डबे तिनं उशाशी ठेवून घेतले होते. तिळगूळ मी तिच्या जिभेवर नुसता टेकवला. ती वाट्यांतून बोटं फिरवत होती, मण्यांचा आवाज ऐकत. बोट शेवटच्या वाटीशी आलं. "ही अजून रिकामीच," ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, मी बडीशेप ठेवते. ती डोळे मिटून हसली. "नको. कुणीतरी भरेल." एवढंच बोलणं झालं. मला वाटलं ती त्या पुढच्या रांगेतल्या मुलीबद्दल बोलतेय, आणि तसंच असेल.

गेल्या रविवारी मी गंगापूर रोडच्या घरी गेले. काढणी संपलीय, बागेत आता पाखरांना खायला काही नाही आणि दौलतराव नाशिकलाच असतात. वरच्या खोलीत माळा अजून गजाला आहेत, ऊनही तसंच येतं. मी माझ्या जुन्या खुर्चीत बसले, पण डुलकी लागली नाही. डबे टेबलावर होते. वीस वाट्या मण्यांनी भरलेल्या, एकविसावी जागेवर नाही. मी घाबरून विचारलं तर दौलतरावांनी तोंडावर बोट ठेवलं आणि खिडकीकडे दाखवलं. वाटी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर होती आणि तिच्यात बाजरी होती.

"रोज भरतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ऊन उतरंस्तोवर पार रिकामी करत्यात. मंग पुन्हा भरतो."

ज्या माणसानं जन्मभर पाखरांवर गोफण चालवली, त्याच्याकडे मी बघतच राहिले. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. करंजातून एक चिमणी उतरली, कट्ट्यावर दोन उड्या मारून वाटीच्या काठावर बसली. पातळ स्टीलची एवढीशी वाटी. मला वाटलं आता कलंडणार आणि सगळी बाजरी खाली सांडणार. दौलतरावांनी माझं मनगट धरलं.

"बघा, ताई... हलली बी नाय."

चिमणी दाणे टिपत राहिली. आम्ही दोघं खिडकीशी तसेच उभे राहिलो, वाटी रिकामी होईपर्यंत.